रामा बिन सातू वगैरे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या शेतकरी घरात पणज्याचं नाव विचारलं तर मिळतं. त्याच्या बापाचं विचारलं की म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पण ‘आपली मूळ जमीन कुठली?’ म्हटलं की उत्तर तयार असतं. तळ्याखालची पट्टी, माळाकडचा तुकडा, ओढ्याकाठची खाचरं. माणसांची नावं तीन पिढ्यांत पुसतात, शेतांची टिकतात. म्हणून शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायची तर आडनावाच्या मागे न लागता सर्व्हे नंबरच्या मागे लागावं.

आडनाव या कामात फारसं विश्वासाचं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदात ते बहुतेक वेळा नसतंच. ‘रामा बिन सातू, मौजे अमुक’, म्हणजे अमुक गावचा, सातूचा मुलगा रामा, एवढ्यावर माणूस ओळखला जायचा. पुढे शाळेत नाव घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं आणि घरच्यांनी सुचेल ते सांगितलं. निम्मा गाव पाटील असतो, पण त्यातल्या किती घरांकडे खरोखर पाटीलकी होती हे वेगळं तपासावं लागतं. ‘कर’ लागलेली आडनावं मात्र खूण म्हणून चांगली. येळ्ळुरात राहून कुणी स्वतःला येळ्ळूरकर म्हणवत नाही. ते नाव गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर चिकटतं. नंदगडकर, उचगावकर, बेळगुंदकर अशी घरं दुसऱ्या गावात दिसली की मूळ शोधायला कुठल्या शिवारात जायचं ते आडनावच सांगतं. कधी गेले, हे मात्र सांगत नाही.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करावी. धारा, म्हणजे शेतसारा, भरल्याच्या पावत्या, सोसायटीची कर्जाची कागदं, कोर्टाचे हुकूमनामे, गहाणखतं, पलटणीतून आलेल्या माणसाचं डिस्चार्ज बुक. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने या भागात असं घर विरळाच ज्याच्या भावकीत एकही शिपाई नाही, आणि फौजेच्या कागदात बापाचं नाव, गाव, तालुका आणि जवळचा वारस लिहिलेला असतो. जुन्या लग्नपत्रिकाही टाकू नयेत. खाली निमंत्रक म्हणून जी नावं छापतात त्यांचा क्रम घरातल्या मानाप्रमाणे असतो. चाळीस वर्षांच्या पत्रिका ओळीने मांडल्या की भावकीचा अर्धा आराखडा समोर येतो. कुठल्या साली कुठलं घर निमंत्रकांतून गळालं, म्हणजे भांडण कधी झालं, तेही कळतं.

मग उतारा. कर्नाटकात त्याला पहाणी किंवा आरटीसी म्हणतात, पण आपल्याकडे अजून सर्रास सातबाराच म्हणतात. २००० पासून ‘भूमी’ योजनेत हे उतारे संगणकावर आले, त्यामुळे आजचा उतारा मिळवायला अडचण नाही. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला महसुली गट), गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा एवढं माहीत असलं की झालं. नंबर माहीत नसेल तर शेतात उभं राहून मोबाइलवर ‘दिशांक’ उघडलं की तो दिसतो. उताऱ्याचे चार रकाने आपल्या कामाचे. नऊमध्ये मालकाचं नाव, दहामध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली ते, अकरामध्ये इतर हक्क आणि बोजे, बारामध्ये प्रत्यक्ष कसणारा. लोक नववा रकाना वाचून थांबतात. वंशावळ दहाव्यात असते. तिथे फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, नंबर असतो, आणि त्या नंबराची नोंद काढली की ‘अमुक मयत, त्याचे वारस अमुक अमुक’ अशी ओळ मिळते. त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली, याचा आणखी जुना नंबर मिळतो. पायरी पायरीने असं मागे जायचं.

संगणकावरची साखळी लवकर तुटते. त्याआधीची हाताने लिहिलेली पहाणी आणि फेरफाराची रजिस्टरं तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. ‘भूसुरक्षा’ योजनेत ती स्कॅन करायचं काम अलीकडे सुरू झालं आहे. अर्ज करताना ‘आमच्या घराण्याच्या जुन्या नोंदी द्या’ असं लिहिलं तर कुणीही हात वर करील. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि वर्षांची मर्यादा लिहावी. महसुली वर्ष मध्येच बदलतं, म्हणून १९६२-६३ असं जोडवर्ष लिहावं. एका अर्जात एकच सर्व्हे नंबर मागितला तर कारकुनालाही सोपं जातं आणि आपल्यालाही.

जमीन मोजायची रीत या शोधात फार कामाची आहे. महाराष्ट्राचा उतारा हेक्टर-आरमध्ये आला, कर्नाटकाचा अजून एकर-गुंठा-आण्यातच आहे. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. त्यामुळे जुन्या वाटण्या आजच्या उताऱ्यावरही जशाच्या तशा वाचता येतात. समजा मूळ सर्व्हे नंबर ८ एकर १६ गुंठ्यांचा आहे. आज त्याचे चार हिस्से आहेत आणि चारही २ एकर ४ गुंठ्यांचे आहेत. म्हणजे बहुधा चार भावांत एकदाच वाटणी झाली, किंवा दोघांत होऊन दोघांच्याही पोटी दोघे-दोघे झाले. पण हिस्से तीन असून एक ४ एकर ८ गुंठ्यांचा आणि दोन २ एकर ४ गुंठ्यांचे असतील तर मूळ भाऊ दोन, त्यातल्या एकाला दोन मुलगे. तिघांत वाटला असता तर २ एकर ३२ गुंठे दिसले असते. माणसांची नावं हाती येण्याआधीच वंशाचा सांगाडा असा क्षेत्रावरून उभा करता येतो.

कधी गुंठ्यांऐवजी आणेवारीने हिस्सा लिहिलेला असतो. सबंध म्हणजे १६ आणे. चार आणे म्हणजे चौथा वाटा, ५ आणे ४ पै म्हणजे तिसरा, २ आणे ८ पै म्हणजे सहावा. सहावा वाटा दिसला की तिघांतल्या एकाच्या घरात पुन्हा दोन वाटे झाले असं धरून चालावं आणि पुरावा शोधावा. मात्र क्षेत्राचं गणित नेहमी सरळ बसत नाही. खानापूरकडे एकाच नंबरात वर माळ आणि खाली भाताची खाचरं असतात. तिथे एकाला माळाचे पाच एकर आणि दुसऱ्याला खाचराचा दीड एकर हीसुद्धा समान वाटणी असते. अशा वेळी क्षेत्र सोडून आकार बघायचा, म्हणजे त्या तुकड्याला बसलेला धारा. आकार सारखा निघाला तर वाटे सारखे.

सगळ्या पोटहिश्श्यांची बेरीज मूळ नंबराच्या क्षेत्राएवढी यायला हवी. नाही आली तर एक तर खराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, वगळलेला असतो, नाही तर रस्त्याला-पाटाला जमीन गेलेली असते, नाही तर मधल्या काळात एक तुकडा विकला गेलेला असतो. विकलेल्या तुकड्याचा माग सब-रजिस्ट्रार कचेरीत लागतो. तिथे एक सूची नावाप्रमाणे आणि दुसरी मिळकतीप्रमाणे असते. कर्नाटकात २००४ नंतरचे व्यवहार ‘कावेरी’ प्रणालीवर बोजा दाखल्यात दिसतात, त्याआधीचे हाताने शोधावे लागतात. जुनी गहाणखतं आणि मुदतखरेदीची खतं जरूर काढावीत. सावकाराला मुलाने पुढे हरकत घ्यायला नको असायची, म्हणून तो बाप, मुलगे, कधी चुलत्यांचेही अंगठे घ्यायचा. सावकाराचा हा संशय आज आपल्या कामी येतो.

सर्व्हे नंबरही बदलतात, आणि इथे पुष्कळांचा शोध अडतो. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या पद्धतीने मुंबई इलाख्यात जमिनींची पाहणी झाली. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. ती जमाबंदी ३० वर्षांची असायची, मग पुन्हा पाहणी. बेळगावच्या कागदांवर ‘रि. स. नं.’ (रिव्हिजन सर्व्हे नंबर) असं लिहिलेलं दिसतं ते या फेरपाहणीमुळे. जुना नंबर आणि फेरपाहणीचा नंबर वेगळा असू शकतो, आणि जुन्या खतातला ४५ नंबर आजच्या नकाशावर दुसऱ्याच कुणाच्या बांधावर सापडतो. दोन्ही नंबर जुळवायला भूमापन खात्याकडचा आकारबंद, टिपण आणि शेतवार पत्रक लागतात. नंबर नाहीच जुळला तर चतुःसीमा वाचाव्यात. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याची जमीन, पश्चिमेस गाडीवाट. शेजाऱ्याचं नाव मोलाचं, कारण बांधाला बांध लागून बहुतेक वेळा भाऊबंदच असतो.

हक्कपत्रकाची, म्हणजे जमिनीवर कुणाचा काय हक्क ते नोंदवायची, पद्धत इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. तिच्या आधीच्या महसुली कागदात धारा कोण भरतो एवढंच सरकारला हवं होतं. म्हणून नाव एकाचंच, थोरल्याचं. पुढे हक्कपत्रकातही ते तसंच उतरलं. नावापुढे ‘ए. कु. क.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. ‘अ. पा. क.’ असेल तर वारस अज्ञान आहे आणि पुढचं नाव त्याच्या पालनकर्त्याचं आहे, जी बहुधा आई असते. आणि सगळ्यांत फसवा शब्द ‘वगैरे’. ‘रामा बिन सातू वगैरे’ अशी एक ओळ. त्या वगैरेत रामाचे धाकटे भाऊ, चुलत्याची विधवा, तिचा लहान मुलगा, सगळे एकदम दडपलेले असतात. कारकुनाची शाई वाचली आणि एका घरातली चार माणसं नाहीशी झाली. चाळीस-पन्नास वर्षांनी वाटणी झाली की उताऱ्यावर अचानक अनोळखी नावं उगवतात आणि लोक म्हणतात, हे कोण, हे आमच्यातले नव्हेत. ते आधीपासून होते, वगैरेत होते.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचं काय? या पट्ट्यात इनामदाराची, देवस्थानाची, सावकाराची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं कमी नाहीत. त्यांना नवव्या रकान्यात शोधून उपयोग नाही, कसणाऱ्याच्या रकान्यात शोधावं. १९४८ च्या मुंबई कुळकायद्यानंतर कुळांच्या नोंदी नीट होऊ लागल्या. पण खरा खजिना पुढचा आहे. कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यात १ मार्च १९७४ पासून मोठा बदल झाला, कुळांनी फॉर्म नंबर ७ भरून जमिनीचा हक्क मागितला. अर्जाची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. या अर्जांवर लँड ट्रिब्युनलपुढे जबाब झाले. कोण किती वर्षांपासून कसतो, त्याच्याआधी त्याचा बाप कसत होता की चुलता, घरात किती माणसं, खंड काय द्यायचे, हे त्या जबाबांत येतं. एरवी सरकारी कागद शेतकऱ्याबद्दल बोलतो, इथे शेतकरी स्वतः बोलतो. घरात फॉर्म नंबर १० असेल, म्हणजे हक्क मिळाल्याचं प्रमाणपत्र, तर त्यावरचा प्रकरण नंबर घेऊन ती फाइल मागावी.

पाटील, कुलकर्णी, देसाई या वतनदार घराण्यांचं काम तुलनेने सोपं. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनाचे वारस सरकारदरबारी नोंदवावे लागायचे, तंटे झाले की दोन्ही बाजू आपापल्या वंशावळी दाखल करायच्या. त्या वाचाव्यात, पण दाखल करणाऱ्याचा मतलब लक्षात ठेवून वाचाव्यात. समोरच्या शाखेला निपुत्रिक ठरवण्यात त्याचा फायदा असायचा.

आता सीमेचा प्रश्न. बेळगाव १८१८ मध्ये इंग्रजांकडे आलं, पण वेगळा जिल्हा झाला १८३६ मध्ये. त्याआधीचा कागद धारवाड जिल्ह्याचा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या कागदात ‘तालुका बिडी’ दिसलं तर तो आजचा खानापूर समजावा, ‘संपगाव’ म्हणजे बैलहोंगलचा भाग, ‘परसगड’ म्हणजे सौंदत्ती. निपाणी तर परवापरवापर्यंत चिकोडी तालुक्यात होती. शहापूर आज बेळगाव शहरात मिसळलं आहे, पण ते सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. १९४९ मध्ये कोल्हापूर विलीन होईपर्यंत तिथला महसूल कोल्हापूर दरबाराचा. म्हणून रायबागच्या घराने कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची पायरी चढावी. पेशवाईतले कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात.

चंदगडचं उलटं. तो भाग बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडलं गेलं. एका घरातले दोन सख्खे भाऊ, एकाची जमीन बेळगाव तालुक्यात आणि दुसऱ्याची चंदगडात, आणि त्या तारखेपासून त्यांचे कागद दोन राज्यांत, दोन भाषांत. या फुटीचा एक फायदाही आहे. महाराष्ट्रात अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात जुनी रजिस्टरं चाळली गेली आणि सापडलेल्या नोंदी जिल्हा प्रशासनांनी संकेतस्थळांवर ठेवल्या. चंदगड-गडहिंग्लजकडे भावकी असलेल्या इकडच्या घरांनी त्या जरूर बघाव्यात. इकडच्या उताऱ्यात न सापडणारा पणजा तिकडच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत भेटू शकतो.

भाषेमुळे होणाऱ्या चुका वेगळ्या. आधीचे कागद मोडी-मराठी, नंतरचे कन्नड. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं हे ‘बिन’वरून ओळखायचं. बाई असेल तर ‘कोम’, म्हणजे पुढचं नाव नवऱ्याचं. नशिबाने बिन आणि कोम दोन्ही शब्द कन्नड कागदातही चालू राहिले. कन्नड आकड्यांत सहा आणि नऊ घाईत लिहिले की सारखे दिसतात. सर्व्हे नंबर किंवा साल पटत नसेल तर आधी हा संशय घ्यावा. नाव कन्नडात लिहिताना, मग संगणकावर चढवताना आणि तिथून पुन्हा मराठीत आणताना त्याचं रूप तीनदा बदलतं. म्हणून उताऱ्यातलं नाव आहे तसं उतरवून घ्यावं, घरचं नाव त्याच्या शेजारी लिहावं. दुरुस्त करून एकच ठेवलं की पुढचा शोधणारा अडकतो.

सनांचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पौष-माघ-फाल्गुनाच्या सुमाराला ७९. फसली या महसुली सनात ५९०, वर्षाच्या उत्तरार्धात ५९१. जुन्या कागदातल्या सुहूर सनात ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. कागदावर सन कुठला ते लिहिलेलं नसेल तर घाई करू नये. १२६० हा आकडा फसली असला तर १८५० च्या आसपास येतो, सुहूर असला तर १८६० च्या.

कागदाबाहेरचे दोन पुरावे मात्र या भागाचे खास आहेत.

पहिला हेळवी. बैलावर बसून येणारा, वंशावळ वाचणारा हा माणूस बेळगाव-कोल्हापूरकडच्या जुन्या पिढीला चांगला माहीत आहे. सुगी झाली की काही वर्षांच्या अंतराने तो गावात येतो, घरापुढे उभं राहून घराण्याचं मूळ गाव, कूळ, देवक, पिढ्यांची नावं म्हणतो, मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावं वहीत चढवतो आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढे जातो. कुठली गावं कुणाकडे, हे त्यांच्यातही वारशाने वाटलेलं असतं. म्हणून ‘एखादा हेळवी’ शोधून भागत नाही, आपल्या घराचा हेळवी शोधावा लागतो. गावातल्या वयस्क माणसांना विचारावं, शेवटचा कधी आला होता, कुठल्या गावचा होता. भेटला तर आपला तक्ता त्याला आधी दाखवू नये. त्याला म्हणू द्यावं, आपण लिहून घ्यावं, परवानगी असेल तर वहीच्या पानाचा फोटो घ्यावा, बिदागी नीट द्यावी. मग घरी येऊन उताऱ्याशी जुळवावं. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या बहुधा चांगल्या जुळतात. त्याच्या मागे गेलं की पिढ्या विरळ होतात आणि घराणं थेट कुठल्या तरी गडावरच्या सरदाराला जाऊन भिडतं. तो भाग ऐकायला गोड असतो. वेगळ्या शाईने लिहून ठेवावा. वारकरी घरांनी पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या वह्याही बघाव्यात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते यात्रेला आलेल्या पूर्वजांची पानं काढून देतात.

दुसरा पुरावा सुतक. वंशावळीचा हा सगळ्यांत जिवंत दस्तऐवज, आणि तो कुणी लिहून ठेवत नाही. गावात अमक्या घरी माणूस गेलं तर कुठली घरं दहा दिवस पाळतात, कुठली तीन दिवस, कुठली नुसती अंघोळ करून मोकळी होतात, याची यादी करावी. शास्त्राप्रमाणे सात पिढ्यांच्या आतले सपिंड दहा दिवस पाळतात, त्यापलीकडचे तीन. गावातला व्यवहार इतका काटेकोर नसतो, पण दहा दिवसांच्या वर्तुळातलं घर कागदावर कुठेच जोडलं जात नसेल तर चूक कागदात शोधावी. आडनाव वेगळं झालेली, गल्ली बदललेली, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी असलेली घरंसुद्धा सुतक पाळतात. त्याच्या जोडीला देवक विचारावं. देवक एक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, म्हणजे ज्यांच्याशी लग्नं झालेली आहेत ती घरं आपल्या पुरुषशाखेत नाहीत. महालक्ष्मीच्या यात्रेत मान कुणाकडून कुणाकडे जातो, हेही बघावं. थोरली शाखा कुठली ते तिथे कळतं.

सगळ्यांत जास्त चुका दोन माणसं एक केल्याने होतात. नातवाला आज्ज्याचं नाव ठेवायची पद्धत, म्हणजे रामा बिन सातू, सातू बिन रामा, पुन्हा रामा बिन सातू. १८८० चा रामा आणि १९३० चा रामा सहज एक होऊन जातात. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, रामा १, रामा २, आणि नावाखाली तो कागदात पहिल्यांदा आणि शेवटचा कुठल्या साली दिसला ते लिहावं. कर्तेपणाची कारकीर्द साठ वर्षांच्या वर गेली की तिथे दोन माणसं आहेत. बाप-लेकात पंधरा वर्षांहून कमी अंतर पडलं की मधला भाऊ मुलगा म्हणून लिहिला गेला आहे, नाही तर दत्तक आहे. दत्तकाच्या आधीचा बाप आणि नंतरचा बाप दोन्ही लिहावेत. घरजावयाचं घर ओळखायची खूण अशी की जमीन एका कुळाची आणि देवक दुसऱ्या कुळाचं.

वयांची जुळणी प्रसंगांवरून करावी. १ जून ही शाळेतली जन्मतारीख जवळजवळ नेहमीच मास्तरांनी घातलेली असते. त्यापेक्षा विचारावं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला चालत होता का? १९६७ चा डिसेंबर. राज्य बदललं तेव्हा आईचं लग्न झालं होतं का? मागच्या पिढ्यांसाठी १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा. त्या एका साथीत घरंच्या घरं बसली, आणि त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत वारसाच्या वर्दीत एकाच घरातले तीन-तीन मयत दिसले तर कारण शोधत बसावं लागत नाही. त्याआधीचा प्लेग आणि १८७६-७८ चा दुष्काळही असेच. वंशावळीत एखादी शाखा एकदम थांबली की आधी ही सालं ताडून बघावीत.

एक इशारा. गावात जुने उतारे मागायला लागलं की आठवडाभरात भावकीत बातमी होते, अमक्याचा जमिनीवर डोळा आहे. वेगळ्या राहणाऱ्या, शहरातल्या माणसाबद्दल तर नक्कीच. कचेरीत जायच्या आधी चार घरी जाऊन उद्देश सांगावा आणि मिळालेली नावं सगळ्यांना दाखवावीत. नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीतून, मिळणारा वंशवृक्ष हा वारसा लावण्यापुरता कागद आहे, तो घराण्याची वंशावळ नव्हे. त्यात सोयीने वगळलेली माणसं असतात, आणि ती बहुतेक बायका असतात.

बायकांचा शोध सगळ्यांत चिवट. मुलीच्या जन्माची जुनी नोंद ‘रामाची मुलगी’ एवढीच. लग्नात दोन्ही नावं बदलली. उताऱ्यावर आली तर विधवा म्हणून, किंवा अकराव्या रकान्यात पोटगीचा हक्क म्हणून. माहेरचं नाव सापडायची हमखास जागा म्हणजे मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. दुसरी-तिसरीत शाळा सुटली असली तरी नाव, बाप, जात, गाव, दाखल झाल्याची तारीख त्यात राहते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन ते बघता येतं. दुसरी जागा हक्कसोडपत्रं. कर्नाटकात १९९४ पासून अविवाहित मुलींना आणि देशभर २००५ पासून सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क आला. त्यानंतर वाटणी करताना भावांना बहिणींच्या सह्या घेणं भाग पडलं. आणि हक्क सोडण्याच्या त्या कागदावर बहिणींची नावं, वयं, सासरची गावं पहिल्यांदा नीट लिहिली गेली. त्यांचीही मुलं तक्त्यात घ्यावीत, निदान एक पिढी. मामाच्या गावचे कागद कित्येकदा आपल्या कागदांतली गाठ सोडवतात, कारण बहिणीच्या लग्नात भावाने केलेलं कर्ज तिकडच्या सावकाराच्या खतावर असतं.

हेळवी पुढच्या सुगीत येईल तेव्हा घरातल्या सगळ्या पोरांची नावं कागदावर लिहून तयार ठेवावीत, मुलींचीही. मुलींची नावं चढवायला तो कुरकुरेल, आमच्यात रिवाज नाही म्हणेल. एक पायली भात वाढवून द्यावा आणि तो लिहीत असताना वहीवर नजर ठेवावी.